मुंबई–न्यूयॉर्क : एका अंतराचा जमाखर्च

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. हिऱ्यांच्या व्यापारामुळे मॅनहॅटनमधील ४७वा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. मुलामुलींच्या नोकऱ्यांमुळे शेजारचे न्यू जर्सीही आता घरचेच झाले आहे. तरीही हे अंतर मला नीट कळले ते निवृत्तीनंतर, एका दुःखद प्रसंगी.

भिंतीवरच्या नकाशात या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. तो मार्ग १४,००० किलोमीटरांहून अधिक भरतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, की तो मॉस्कोजवळून, पुढे नॉर्वे व आइसलँडवरून जातो. जवळचा मार्ग हाच. अर्थात वारे कसे आहेत आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, यांनुसार विमानाला वळसा घ्यावाच लागतो.

थेट विमानास जाताना सुमारे १६ तास लागतात, परतताना साडेचौदा. कारण उंचावरचे पश्चिमेकडून येणारे वेगवान वारे परतीच्या विमानाला पुढे ढकलतात. घड्याळाचे गणित मात्र निराळे. रात्री एकला मुंबई सोडलेले विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातला तेथे उतरते. कागदावर साडेसहा तास. परतीचे विमान सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच मुंबईस पोहोचते. कागदावर २४ तास. दोहोंची बेरीज साडेतीस, आणि १६ व साडेचौदा यांचीही साडेतीसच! साडेनऊ तासांचा फरक (हिवाळ्यात तो साडेदहा होतो) एकदा जमेस, एकदा नावे. बँकेत हयात गेलेल्या माणसाला असा ताळा जुळला की बरे वाटते.

त्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता कन्येकडे होतो. रविवारी मध्यरात्री सांगलीहून फोन आला. तेथे सोमवारचे सकाळचे साडेनऊ वाजले होते. थोरले बंधू गेले. पुतण्याने विचारले, “काका, तुमच्यासाठी थांबायचे का?” मी कागद पुढे ओढला. सकाळचे विमान मिळाले, तरी मुंबईस मंगळवारची दुपार. पुढे मोटारीने सांगली आठ तास. “थांबू नका,” एवढेच म्हणालो.

सौभाग्यवतींचा चौविहार असतो. पूर्वेकडे धावणाऱ्या विमानात दिवस आखूड होतो. त्यामुळे तिने घड्याळ न पाहता खिडकीकडे लक्ष ठेवून लवकर जेवण उरकले. उड्डाणानंतर चार-साडेचार तासांतच अटलांटिकवर सूर्य मावळला. “तिकडचे सगळे केव्हाच आटोपले असेल,” ती म्हणाली. मी मान हलवली.

मंगळवारी रात्री सव्वानऊला घरी पोहोचलो. फोनपासून उंबरठ्यापर्यंत जवळजवळ ३६ तास. त्यांतले विमानाचे साडेचौदा. पुतण्याने दादांचा चष्मा आणि दुकानाची रोजकीर्द माझ्यासाठी काढून ठेवली होती. शेवटची नोंद रविवारची होती, शिल्लक मांडलेली.