मानाची गाडी

आमच्या वसईंत लग्नमंडपापुढें ऑडी थांबली कीं मंडळी वाट करून देतात. स्कोडाच्या ‘सुपर्ब’ला तें भाग्य नाहीं, कारण स्कोडा हें नांव पडलें चार माणसांच्या गाड्यांचें. वास्तविक दोन्ही फोक्सवॅगनच्याच घरच्या, आणि छत्रपती संभाजीनगराजवळील शेंद्र्याच्या एकाच कारखान्यांत दोहोंची जुळणी होत असे. २०२० सालीं सुधारून आलेली सुपर्ब मागच्या बैठकीला ऐसपैस, शिवाय दारांत छत्रीची खास जागा! वसईच्या पावसांत याहून उमदी सोय कोणती? तरी आमच्या एका स्नेह्यांनीं, केवळ व्याह्यांच्या नजरेकरितां, तिला डावलून कर्जानें ऑडी घेतली. २०२३ मध्यें सुपर्बची येथील जुळणी बंद पडली. २०२४ सालीं अवघ्या १०० गाड्या परदेशांतून तयार होऊन आल्या, प्रत्येकी ५४ लाखांस. स्नेह्यांचे हप्ते अद्याप चालू आहेत; व्याही मात्र लोकलनें येतात.