आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आपल्या वार्षिकांकाला एक अंग मराठीचं आणि एक कानडीचं. मी दोन्हीकडे थोडा उपराच. माझं गाव बऱ्हाणपूर. बेळगावात हे नाव सांगितलं की समोरचा 'म्हणजे बुलढाण्याजवळ का?' असं विचारतो, आणि मी गप्प मान हलवतो. खरं म्हणजे ते मध्य प्रदेशात आहे, तापीच्या काठी, भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात आलं आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. तेव्हा घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, हा प्रकार मला इथे येऊन शिकावा लागला नाही. आमच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळा मराठी माध्यमाची. या सगळ्यात इंग्रजी कुठे बसत होती, त्याची ही हकीकत आहे.

२०१६ साली मी सहावीत गेलो. इंग्रजीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा, म्हणजे पोट भरलेलं आणि डोळे जड. तासाचा क्रम ठरलेला असे. सर वर्गात आले की आम्ही उभे राहून सुरात 'गुड आफ्टरनून सर' म्हणायचो. मग पाळीप्रमाणे एकाने फळ्यावर तारीख इंग्रजीत लिहायची. बुधवारचं स्पेलिंग ज्याच्या वाट्याला येई तो बुधवारी हमखास गैरहजर असे. त्यानंतर पाच नवे शब्द. एक मुलगा पुढे उभा राहून ओरडायचा, 'एफ-ए-आर-एम-ई-आर फार्मर, फार्मर म्हणजे शेतकरी', आणि चाळीस जण मागून ओरडायचे. शेजारच्या वर्गात पाढे चालू असत, त्यामुळे कधी कधी 'फार्मर म्हणजे बेचाळीस' असंही ऐकू येई. मग धड्याचं वाचन, फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत उतरवणं, आणि शेवटी गृहपाठ : चार रेघांच्या वहीत एक पान सुलेखन, पाच शब्द पाच-पाच वेळा, आणि गो-वेन्ट-गॉनच्या चालीवर दहा क्रियापदं.

यात वाईट काही नव्हतं. माझं अक्षर आजही चांगलं आहे ते त्या चार रेघांमुळेच.

अडचण अर्थाची होती. बाजारात मिळणारी कुंजी (इथे तिला गाईड म्हणतात) हिंदीत असे. म्हणजे इंग्रजी शब्द आधी हिंदीच्या दारातून आत यायचा आणि मग मराठीच्या ओसरीवर बसायचा. वाटेत त्याचं काय होई ते पाहा. कुंजीत लिहिलेलं, 'एज्युकेशन : शिक्षा'. आम्ही मराठी पोरांनी ते वाचलं आणि कुणालाच काही चूक वाटली नाही. उलट सरकारला खरं बोलायची बुद्धी झाली असं वाटलं. 'एफर्ट'चा अर्थ चेष्टा. आणि 'एम्प्टी'चा अर्थ खाली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने वाक्य केलं, 'द कॅट इज एम्प्टी द टेबल.' सरांनी ते खोडलं तेव्हा तो कुंजी घेऊन भांडायला उठला. 'सर, खालीच तर लिहिलंय!' सर पुष्कळ वेळ हसले, आणि मग पुढचे दोन दिवस त्यांनी आम्हाला फक्त असे फसवे शब्द शोधायला लावले. इंग्रजीच्या तासाला हिंदी आणि मराठी कधी नव्हे ती नीट शिकलो ती त्या दोन दिवसांत.

निबंधाचा प्रकार मात्र वेगळा होता. 'अ व्हिजिट टू अ हिस्टॉरिकल प्लेस' या विषयावर लिहायचं होतं. कुंजीत ताजमहाल होता, म्हणून चाळीस मुलांनी ताजमहाल लिहिला. आम्ही आगगाडीने आग्र्याला गेलो, चांदण्यात संगमरवर चमकत होता, वडिलांनी फोटो काढले वगैरे. आमच्यापैकी एकानेही आग्रा पाहिलेलं नव्हतं. आता गंमत अशी की ज्या मुमताजमहलसाठी ताजमहाल बांधला ती १६३१ मध्ये बऱ्हाणपुरातच वारली. तापीच्या पलीकडे झैनाबादेत आहुखान्यात तिला आधी पुरलं, आणि काही महिन्यांनी तिचं शव आग्र्याला नेलं. आमच्यापैकी निम्मी पोरं त्या बाजूला खेळायला जात. गावात जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा आहे, १६१५ च्या सुमाराचा, अब्दुल रहीम खानखानाच्या वेळचा. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतमध्ये कोरलेला लेख आहे. गाव दोन भाषांत बोलतं याचा तो दगडावरचा पुरावा, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण कुंजीत आग्रा होतं, म्हणून आम्ही आग्र्याला गेलो.

आता अर्जाकडे येतो.

सातवीत सरांनी रजेचा अर्ज शिकवला. प्रधानपाठकांना उद्देशून, डावीकडे 'टू', मग 'रिस्पेक्टेड सर', मग 'आय बेग टू से दॅट आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स लास्ट नाइट', दोन दिवसांची रजा द्यावी, आणि शेवटी 'युवर ओबीडियन्ट प्युपिल'. तो आम्ही इतका घोकला की झोपेतही सुटला नसता. नियम असा की शाळा बुडवली तर येताना अर्ज इंग्रजीतच आणायचा. त्या वर्षी आमच्या वर्गात इतका ताप आला की आरोग्य खात्याने पथक पाठवायला हवं होतं. मामाचं लग्न, कांदे काढणं, आजीला तालुक्याला नेणं, मॅच, या सगळ्यांचं इंग्रजी एकच : फीव्हर.

माझे वडील यंत्रमागावर काम करत. बऱ्हाणपुरात यंत्रमागाचा आवाज ठाऊक नसलेलं मूल सापडणार नाही. आम्ही त्या आवाजात झोपायचो आणि तो बंद पडला की जागे व्हायचो. दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्रपाळीला मागावरचा धोटा उडाला आणि वडिलांच्या भुवईवर बसला. ज्यांनी धोटा हातात धरला आहे त्यांना सांगायला नको, त्याची दोन्ही टोकं लोखंडी आणि टोकदार असतात. डोळा थोडक्यात वाचला. रात्री दोन वाजता शेजाऱ्यांनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. आई त्यांच्याजवळ बसली, आणि मी तीन दिवस घरी राहून धाकट्या बहिणीला सांभाळलं, डबा पोचवला आणि आईच्या वाट्याच्या कांड्या भरल्या. कारण कांड्या नगावर असतात. त्या थांबल्या की पैसे थांबतात.

चौथ्या दिवशी सकाळी अर्ज लिहायला बसलो. 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं. 'आय बेग टू से दॅट' लिहिलं. आणि पुढे हातच चालेना. धोट्याला काय म्हणतात? उडाला कसं म्हणायचं? फ्लाय-फ्ल्यू-फ्लोन पाठ होतं, पण ते पक्ष्यांसाठी होतं. भुवईचं स्पेलिंग? वडिलांच्या चेहऱ्यावरून रक्त ओघळत होतं हे मी ज्या भाषेत पाहिलं होतं ती भाषा त्या कागदावर चालत नव्हती. साडेनऊ वाजले. मी लिहिलं, 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर.'

सरांनी अर्ज वाचला, 'स्पेलिंग सगळी बरोबर' म्हणाले आणि खाली सही केली. मित्राने विचारलं, 'ताप आला होता का रे?' मी 'हो' म्हटलं. एवढंच. पण त्या दिवशी मला जी लाज वाटली ती नेमकी कशाची, हे मला अजून नीट सांगता येत नाही. खोटं तर वर्गात सगळेच लिहीत होते.

पंधरा दिवसांनी सरांना वडील माव्याच्या जिलबीच्या गाडीजवळ भेटले. भुवईवरचे टाके पाहून सरांनी चौकशी केली आणि वडिलांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं.

'अरे, तुला ताप नव्हता ना?'

'नाही सर.'

'मग खरं का नाही लिहिलंस?'

'सर, धोट्याचं इंग्रजी येत नव्हतं.'

सर काही बोलले नाहीत. खडू घेतला आणि फळ्यावर 'शटल' हा शब्द लिहिला. थोडं थांबून म्हणाले, 'आणि तू काय करत होतास तीन दिवस?' मी म्हटलं, कांड्या भरत होतो. ते विचारात पडले. मग म्हणाले, 'कांडीचं इंग्रजी मला येत नाही. तू इंग्रजी अक्षरात कांडीच लिही.'

पुढच्या दिवसापासून एक नवा गृहपाठ सुरू झाला. रोज एकच वाक्य, पण घरी काल जे खरोखर घडलं ते, कुंजी न उघडता. शब्द अडला तर घरचा शब्द घालायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी 'आय ईट रोटी' लिहून सुटका करून घेतली. हळूहळू वाक्यं येऊ लागली. 'आवर गोट इज सिक.' 'माय मदर फिल सिक्स्टी कांडी.' शेताकडच्या एका मुलाने लिहिलं, 'विंड कम, ऑल बनाना फॉल.' आमच्याकडे केळीच्या बागेत वारं शिरलं की वर्षाचं पीक एका रात्रीत आडवं होतं. व्याकरण बघाल तर त्या वाक्यात एक शब्द धड नव्हता, पण ते वाचल्यावर वर्गात कुणी हसलं नाही. एका मुलीने लिहिलं होतं, 'माय सिस्टर मॅरेज फिक्स. शी क्राय.' सरांनी ते मोठ्याने वाचायचं टाळलं. लाल पेनाने 'इज क्राइंग' केलं आणि वही तिला परत दिली.

हे आठ-दहा दिवस चाललं. मग सहामाही जवळ आली, अभ्यासक्रम मागे पडला होता, आणि कुंजी पुन्हा बाहेर निघाली. सरांना दोष देता येत नाही. परीक्षेचे पेपर त्यांच्या हातात नव्हते. सहामाहीत प्रश्न आलाच : रजेचा अर्ज लिहा. सगळ्यांनी ताप लिहिला. मीही. पाचपैकी पाच गुण मिळाले.

२०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले ते आमच्या घरापुरते पुन्हा नीट सुरू झालेच नाहीत. पुढच्या वर्षी मामाच्या ओळखीने वडील वडगावला साडीच्या मागावर आले आणि आम्ही बेळगावकर झालो. इथे मागाला कानडीत 'मग्ग' म्हणतात. वडिलांना तो एक शब्द पुरला. पहिल्याच आठवड्यात ते खुणांनी आणि 'मग्ग' या एका शब्दावर कामाला लागले. मला मात्र वेळ लागला. शेजारच्या कानडी बाईंना मी आदराने 'ताई' म्हटलं आणि त्या चमकल्या. कानडीत 'तायि' म्हणजे आई. माझ्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या असतील. आता मी त्यांना अक्का म्हणतो, ते दोन्ही भाषांत सुरक्षित आहे.

मध्येच एक सांगायचं राहिलं. आपल्या ग्रंथालयात एका पुस्तकात वाचलं की इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीर बादशहाकडे अजमेरला चालला होता, तो १६१५ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात थांबला, शहजादा परवेझला भेटला, आणि तिथेच तापाने आजारी पडला. मी ग्रंथालयात एकटाच हसलो. आमच्या गावात इंग्रजीतून ताप येण्याची परंपरा चारशे वर्षांची निघाली. फक्त त्या गृहस्थाला तो खरोखर आला होता.

कॉमर्सला आल्यावर अर्जाची जागा व्यापारी पत्रांनी घेतली. कधीही न मागवलेल्या मालाची कधीही न झालेली नासधूस मी 'वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू' अशा शब्दांत कळवतो आणि मला चांगले गुण मिळतात. तक्रार नाही, धंद्याला साचा लागतोच. परंतु मागाचा हिशेब आणि मजुरीची चिठ्ठी ज्या घरात रोज होते, त्या घरातला मुलगा नगावरच्या मजुरीबद्दल एक पत्र इंग्रजीत लिहू शकेल का, हे मी स्वतःवर अजून तपासून पाहिलेलं नाही.

अक्कांची मुलगी सहावीत आहे, कानडी माध्यमात. संध्याकाळी ती इंग्रजीची वही घेऊन येते. मी तिला इंग्रजी सांगतो आणि ती मला कानडी. तिच्या वहीत शब्दांचे अर्थ कानडीत, रेघा तशाच चार, आणि 'रजे'चा अर्ज. हा 'रजे' शब्द आपली रजाच आहे हे कळल्यावर आम्हा दोघांनाही फार मोठा शोध लागल्यासारखं झालं. गेल्या महिन्यात ती दोन दिवस शाळेत गेली नव्हती. अर्ज आधीच लिहून आणला होता. मी वाचला : सफरिंग फ्रॉम फीव्हर.

'ताप आला होता?' मी विचारलं.

'नाही अण्णा. अज्जीबरोबर सौंदत्तीला गेले होते, यल्लम्माला.'

मी तिला ते पान उलटायला सांगितलं. ती घाबरली, टीचर रागावतील म्हणाली. मी म्हटलं, हा दुसरा अर्ज वेगळ्या पानावर लिही, द्यायचा की नाही ते नंतर ठरव. पाऊण तास लागला. 'आय वेन्ट टू सौंदत्ती विथ माय अज्जी.' इथवर जमलं. मग अज्जीने तिच्या कपाळाला भंडारा लावला होता, तो तिला लिहायचाच होता. भंडाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात? मला आधी माझ्या गावचा जमिनीखालचा भंडारा आठवला, मग हळदीचा. मी म्हटलं, 'भंडाराच लिही, इंग्रजी अक्षरात.'

तिने तो अर्ज दिला. काल वही परत आली. 'वेन्ट'खाली बरोबरची खूण होती. 'भंडारा' या शब्दाभोवती लाल गोल काढलेला, आणि त्याच्या शेजारी एक प्रश्नचिन्ह. आज संध्याकाळी त्या प्रश्नचिन्हाखाली तिला उत्तर लिहायचं आहे. ती म्हणते, दोन ओळी पुरणार नाहीत, एक अख्खं पान हवं.