मधला आकडा सारखाच

मोतीबिंदू काढल्यापासून माझे दोन डोळे दोन वेगळे निळे बघतात. उजव्याला कॅव्हन्साइट हा निळा खडा झगझगीत दिसतो. डाव्याला, ज्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, तोच खडा मळकट हिरवट. भिंग पिवळं पडलं की ते निळा प्रकाश अडवतं, असं डॉक्टर म्हणाले. मला झोंबलं ते वेगळंच. ‘नुसत्या रंगावरून सांगतो’ म्हणून आयुष्यभर मिरवलं, आणि त्या रंगात माझा मोतीबिंदूही मिसळलेला होता!

कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट या निळ्या खनिज-भावंडांचं रसायन एकच, अणूंची रचना तेवढी वेगळी. काठिण्य दोघांचं 3 ते 4, घनताही जवळपास तीच. 1973 साली अमेरिकेतल्या ऑरेगनच्या नमुन्यांवरून दोघांचं वर्णन झालं. जगभरच्या कपाटांत मात्र पुण्याजवळच्या वाघोलीचेच खडे बसले. आमच्या भुकूमला विहीर खणली तर काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरं काहीबाही निघतं, निळं नाही. निळ्यासाठी पुणं ओलांडून नगर रस्त्याला, वाघोलीलाच जावं लागायचं.

गोळे दिसले की बहुधा कॅव्हन्साइट. लांब, टोकदार पाती दिसली की लोकांना पेंटागोनाइट आठवतो. पाच पाकळ्यांचं जुळं मिळालं तर प्रश्नच मिटतो, पण ते मिळतं कुणाला? बाकी पात्यांसाठी सूक्ष्मदर्शकच गाठायचा, आणि माझं सगळं घोडं तिथेच अडतं. कॅव्हन्साइटचे वक्रीभवनांक 1.542, 1.544, 1.551, पेंटागोनाइटचे 1.533, 1.544, 1.547. मधला आकडा हुबेहूब एक. पहिल्यात वरचा आकडा लांब गेलेला, म्हणून प्रकाशीय चिन्ह धन. दुसऱ्यात खालचा लांब, म्हणून ऋण. कागदावर हे दोन ओळींत संपतं. काचेवर मात्र कण आपल्या सपाट अंगावर आडवा होतो आणि चिन्ह ओळखायला हवी ती व्यतिकरण आकृती दाखवतच नाही. सुईने ढकला, उलटा करा, पुन्हा चुरा करा. आकृती आली तरी धूसर, कडेला सरकलेली.

म्हणून मी 1.540 वक्रीभवनांकाचं तेल घेतो आणि कण त्यात बुडवतो. ध्रुवित प्रकाशात मंच फिरवायचा. एखाद्या दिशेला, नळी किंचित वर उचलताना, कणाच्या कडेची उजळ बेके रेषा कणाकडून तेलाकडे सरकली, तर कणाचा आकडा तेलाहून कमी. कॅव्हन्साइट तिथवर उतरूच शकत नाही. पण रेषा तशी सरकली नाही, तर? तर काहीच सिद्ध होत नाही. कण चुकीच्या अंगावर पडलेला असू शकतो. या ‘तर’पाशी मी रात्री जागवल्यात, आणि तेलाचा आकडाही तापमानाप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात दुपारी घेतलेला आकडा मी स्वतःचा असला तरी मानत नाही.

हल्ली पोरं रामन यंत्राखाली खडा धरतात आणि चहा यायच्या आत उत्तर देतात. उत्तर बरोबर असतं, म्हणूनच राग येतो. मला ते यंत्र नको असं नाही. आपल्या हाताशिवाय काम होतं, हे पाहवत नाही. अशा वेळी मी मुद्दाम त्यांना कण ओळखायला लावतो आणि ते अडखळले की सुखावतो.

व्यापाऱ्यांचं दुखणं वेगळं. स्टिल्बाइटच्या पांढऱ्या तुकड्यावर निळा गोळा चिकटवून विकणारे आहेत; सांध्याला अतिनील दिवा लावला तर गोंद कधीकधी चमकून चुगली करतो. दुर्मीळ म्हणून पेंटागोनाइटला भाव जास्त, त्यामुळे प्रत्येक पातं रातोरात पेंटागोनाइट होतं. वाघोलीच्या आसपास आता इमारती उभ्या आहेत, नवा खडा तपासायला मिळणं अवघड. म्हणून जुन्या चिठ्ठ्यांवर जे लिहिलंय, तेच पुढे खरं म्हणून चालणार.

तेव्हा संग्रह करणाऱ्यांना एकच सांगणं आहे. चिठ्ठीवर ‘पेंटागोनाइट’ लिहाल, तर तो कशावरून ओळखला तेही लिहा: जुळं, तेल की यंत्र. तपासलं नसेल तर ‘निळं खनिज, वाघोली’ एवढंच पुरे. आणि कुणी नुसतं बघून सांगितलं असेल, अगदी मीसुद्धा, तरी ते नाव पेन्सिलीनेच लिहा.