अस्तंब्याच्या वाटेवर : केसांचे औषध लागू पडेनासे झाले, तर

नंदुरबारहून तापी ओलांडून तळोद्याच्या दिशेने निघालात, की सातपुड्याची निळसर भिंत समोर उभी राहते. त्याच रांगांमध्ये अस्तंबा हे शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत हजारो आदिवासी यात्रेकरू ते पायी चढतात. चढण खडी आहे, तेव्हा ज्येष्ठांनी शिखर दुरूनच पाहावे. त्याची कथा मात्र जरूर ऐकावी. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला गेला, ती जखम कधीच भरली नाही आणि तो आजही या डोंगरांत तेल मागत फिरतो, अशी येथील श्रद्धा आहे.

वाचकहो, तेल कितीही मिळाले तरी ती जखम भरत नाही, कारण तिचे मूळ तेलाच्या आवाक्याबाहेर आहे. उतारवयात केस गळतात, वर्षभर औषध लावूनही गुण येत नाही, तेव्हा घरोघरी नव्या तेलाचा शोध सुरू होतो. त्याआधी मूळ कोठे आहे, हे पुन्हा एकदा तपासणे हिताचे असते.

याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत अनेकांचे केस झपाट्याने गळू लागले. आधी संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. पुढे रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाण्यातील गव्हाकडे लक्ष वेधले. बोध असा की, केसांचे दुखणे कित्येकदा ताटातून येते. सेलेनियम किंवा ‘अ’ जीवनसत्त्व अति झाले तरी केस गळतात. म्हणून ‘केसांच्या गोळ्या’ मनाने वाढवू नयेत. बायोटिनमुळे थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे निकाल चुकू शकतात. ते घेत असल्यास तपासणीपूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात. पहिली, मागील तीन-चार महिन्यांत आलेला मोठा ताप, झालेली शस्त्रक्रिया किंवा घरातील दुःख. अशा आघातानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू होते आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. दुसरी, चालू असलेली सर्व औषधे. रक्त पातळ करणारी आणि रक्तदाबाची काही औषधे केस गळवतात, पण ती स्वतःहून कधीही बंद करू नयेत. तिसरी, आहार, दात नसल्याने डाळी, अंडी, भाकरी सुटली आहे का? चौथी, हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइडच्या तपासण्यांचे जुने अहवाल. टाळूवर लाली, आग, वेदना किंवा गुळगुळीत चकाकी दिसली, तर मात्र लगेच जावे. त्या प्रकारात मुळेच नष्ट होतात आणि गेलेले केस परत येत नाहीत.

मूळ वयात आणि वारशात असेल, तर अपेक्षा नेमकी ठेवावी. मिनॉक्सिडिलला चार ते सहा महिने द्यावे लागतात. गळती थांबणे हेही त्याचे यशच असते आणि ते सोडले की मिळालेले केसही जातात. त्याची गोळी हृदयरोग्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. पुरुषांना दिल्या जाणाऱ्या फिनास्टराइडमुळे प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो. म्हणून ते चालू असल्याचे तपासणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

आणि एवढे करूनही केस परतले नाहीत तर? तळोद्याहून परतताना वाट वाकडी करून प्रकाशा येथे थांबावे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील या गावाला दक्षिण काशी म्हणतात. घाटावर बसले, की आपल्या परंपरेत केसांचे स्थान काय, याचा विचार मनात येतो. मृत्यूनंतर मुलगा केस उतरवतो, नवस फेडणारा केस अर्पण करतो. दोघांच्याही मानाला त्यामुळे उणेपणा येत नाही. खानदेशातील कडक उन्हात टोपी, पागोटे आणि डोक्यावरचा पदर ही तर गरजच. विरळ टाळूला ऊन थेट लागते, म्हणून हे आच्छादन औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. मन मानत असेल तर चांगल्या केसांच्या टोपाचाही संकोच नसावा.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आई किंवा आजोबा आरशासमोर रेंगाळत असतील, तर ‘या वयात काय करायचे आहे केसांचे’ असे म्हणू नका. मऊ दातांच्या कंगव्याने हलक्या हाताने विंचरून द्या आणि टाळूकडे नीट पाहा. तेथे झालेला बदल बहुधा तुमच्याच डोळ्यांना आधी दिसेल.