बाथ कुठला?

विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढण्याच्या कामात निकेल-फॉस्फरस प्लॅटिनमची जागा घेणार आणि हायड्रोजन स्वस्त होणार, असं मी भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत असे. हल्ली सांगत नाही. वादात मला कुणी हरवलं नाही. प्लेटिंगच्या धंद्यात रोज करतो तोच हिशेब मी या गोष्टीला लावून पाहिला, इतकंच.

दुबईत अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं काम इलेक्ट्रोलेस निकेलचं. व्हॉल्व्ह, पंपाचे शाफ्ट, साचे. बाथमध्ये निकेल सल्फेट आणि सोडियम हायपोफॉस्फाइट, तापमान नव्वदीच्या आसपास. करंट न लावताच जॉबवर थर चढतो आणि चढताना अंगभर बारीक बुडबुडे सुटत राहतात. तो हायड्रोजन. थर नुसत्या निकेलचा नसतो, त्यात वजनाने दहा-बारा टक्क्यांपर्यंत फॉस्फरस असतो. गिऱ्हाइकाला जास्त कडकपणा हवा असेल तर जॉब 400 अंशांच्या ओव्हनमध्ये जातो आणि थराच्या पोटात निकेल फॉस्फाइडचे स्फटिक धरतात. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळा ज्याच्या मागे लागल्या आहेत, त्याचा एक सख्खा भाऊ आमच्याकडे टेम्पोने येतो-जातो.

हायड्रोजनशी मात्र आमचं वैरच. पोलादात शिरून तो जॉब ठिसूळ करतो, म्हणून बेकिंगचा खर्च. कॉस्टिकच्या क्लीनिंग टाकीला करंट लावावा लागतो, तिच्यावर फेस जमतो आणि त्यात तो अडकून बसतो. हूक सैल असला की ठिणगी पडते आणि टाकीत लवंगी माळ लागल्यासारखं होतं. नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात ते दाखवलेलं बरं, नंतर हूक घट्ट लावायला सांगावं लागत नाही.

पुण्यात रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या भाच्याने मला फॉस्फाइडची गोष्ट सांगितली तेव्हा मी खूश झालो ते या पार्श्वभूमीवर. 2005 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या लिऊ आणि रॉड्रिगेझ यांनी संगणकावर गणित मांडलं होतं. काही जीवाणूंच्या शरीरातलं निकेल-लोहाचं एन्झाइम हायड्रोजन सहज बनवतं. निकेल फॉस्फाइडचा पृष्ठभागही तसाच वागेल, असा त्यांचा अंदाज. निकेलच्या अणूंमध्ये फॉस्फरस येऊन बसल्यामुळे हायड्रोजन ना घट्ट चिकटत, ना लगेच निसटत. 2013 मध्ये पेन स्टेट आणि कॅलटेकच्या लोकांनी त्याचे नॅनोकण आम्लात घालून ते करून दाखवलं. पुढच्याच वर्षी कोबाल्ट फॉस्फाइड आलं, ते आणखी सरस निघालं.

रूमवर हे सांगायला गेलो तर एकाचा चेहराच पडला. आखातात फॉस्फाइड म्हटलं की लोकांना ढेकणांसाठी चोरून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आठवतात. शेजारच्या फ्लॅटमधून आलेल्या त्यांच्या वायूने इथे लहान मुलं दगावली आहेत. त्या गोळ्यांत अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं, ते हवेतल्या ओलाव्यानेच फॉस्फीन हा विषारी वायू सोडतं. निकेलचं फॉस्फाइड पाण्यात ढिम्म बसून राहतं. पण प्रयोगशाळेत ते बनवताना हायपोफॉस्फाइट तीनशे अंशांवर तापवतात तेव्हा फॉस्फीनच निघतो, त्यामुळे त्या रूममेटची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

आता हिशेब. एक किलो हायड्रोजनला सुमारे 26,600 अँपिअर-तास लागतात. फॅरडेचा नियम आहे, त्यात घासाघीस नाही. याचा अर्थ सेलचा व्होल्टेज 0.1 ने वाढला की किलोमागे 2.66 युनिट वीज जास्त. दुबईच्या सौर पार्कच्या पाचव्या टप्प्यातली वीज युनिटला 1.6953 अमेरिकन सेंट दराने ठरली आहे. इतकी स्वस्त धरली तरी साडेचार सेंट गेले.

दुसऱ्या पारड्यात प्लॅटिनम. आम्ली मेंब्रेनच्या सेलमध्ये ते चौरस सेंटिमीटरला साधारण एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. सेल 50,000 तास चालला आणि दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन-दोन अँपिअर करंट धरला, तर तेवढ्या प्लॅटिनमवर साडेतीन किलोच्या आसपास हायड्रोजन निघतो. किलोमागे प्लॅटिनमचा खर्च जेमतेम एक-दोन सेंट. म्हणजे फुकटात मिळालेलं फॉस्फाइडसुद्धा 0.1 व्होल्टने मागे पडलं तर तोट्याचं! गेजवरचा व्होल्टेजचा आकडा मी रोज बघतो, आणि तरी धातूच्या किलोच्या भावाला भुललो होतो.

फॉस्फाइड टिकत नाही असं मात्र नाही. 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी कोबाल्ट फॉस्फाइड व्यापारी आकाराच्या मेंब्रेन इलेक्ट्रोलायझरमध्ये बसवलं आणि चौरस सेंटिमीटरला 1.86 अँपिअरवर 1,700 तासांहून जास्त चालवलं. प्लॅटिनमपेक्षा व्होल्टेज थोडा जास्त लागला, पण हायड्रोजनच्या बाजूचा कॅथोड तगला. तरीही अडचण सुटली नाही, कारण ती कॅथोडवर नव्हतीच. त्या सेलमध्ये ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागतं, आणि इरिडियम वर्षाला सात-आठ टनच निघतं, बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या आम्लात फॉस्फाइड विरघळून जातं. सौर पार्कमध्ये 2021 पासून चालणारा सव्वा मेगावॉटचा, तासाला सुमारे 20 किलो हायड्रोजन देणारा प्रकल्पही मेंब्रेनचाच आहे. तिथे माझ्या निकेलला काम नाही.

धंद्यात आम्ही आधी विचारतो, बाथ कुठला? आम्लाचा की कॉस्टिकचा? फॉस्फाइडबद्दल हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कॉस्टिकच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये मुळात सहसा प्लॅटिनम नसतं, निकेलच असतं. तिथे साध्या निकेलवर फॉस्फाइडचा थर देऊन 0.1 व्होल्ट वाचला, तर तीच 2.66 युनिटं आपल्या खिशात येतात. ऑक्सिजनच्या बाजूला लावलं तर फॉस्फरस झिरपून निघून जातो आणि वर निकेलचं ऑक्सिहायड्रॉक्साइड उरतं, म्हणजे काम दुसरंच कुणी करतं आणि पेपरात नाव फॉस्फाइडचं. ते मला आता पटत नाही. हायड्रोजनच्या बाजूचं पटतं.

एक शंका राहते, ती सौर विजेची. सूर्य मावळला, करंट बंद झाला, की कॉस्टिकच्या सेलमध्ये काही काळ उलटा करंट वाहतो आणि निकेलचा कॅथोड गंजू लागतो. रोज संध्याकाळी हे होणार. रेक्टिफायर अचानक ट्रिप झाला की आमच्याकडेही जॉबचा रंग बदलतो, म्हणून या गोष्टीला मी घाबरतो. भाचा पेपर पाठवत असतो. बहुतेकांत करंट एकसारखा ठेवून काही तासांचा सरळ आलेख काढलेला असतो. मी त्याला विचारतो, चालू-बंद करून कितीदा पाहिलं? तो म्हणतो, मामा, गाइड ऐकणार नाहीत, पण टायमर लावून ठेवतो.