टाच, तारीख आणि देणग्या

नाशिक

चि. मधुरा,



हाड शाबूत आहे, फक्त टाचेमागची कंडरा दुखावली आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण तू दोनच वाटा मांडल्यास: महिनाभर पाय उचलायचा नाही, किंवा जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी लोकांनी देणग्या दिल्यात म्हणून दातओठ खाऊन पळत राहायचं. मला दोन्ही पटत नाहीत. कंडरा बरी व्हायला तिच्यावर भार पडावाच लागतो, मात्र बेताबेतानं. तो बेत टाचेकडे पाहून ठरवायचा, शर्यतीची तारीख किंवा देणगीदारांची यादी पाहून नव्हे.

दुखलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती, ही शिकवण आपल्याकडे घरोघरी पोचली आहे. 1978 मध्ये तो मंत्र रूढ करणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीनं बरं होणं लांबूही शकतं. कंडरेबाबत तर वेगळा पुरावाही आहे. स्वीडनचे हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये पंधरा धावपटूंना एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीखाली उतरवायची आणि वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, किंचित वाकवून तीन, आणि हे दिवसातून दोनदा. म्हणजे रोज 180 वेळा, 12 आठवडे. पंधराही जण पुन्हा पळू लागले. गट लहान होता, हे मान्य. पण पुढे याच दिशेचे व्यायाम या दुखण्यावरच्या उपचाराचा पाया झाले. एक मात्र जप: कंडरा टाचेच्या हाडाला जिथे चिकटते नेमकं तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये, सपाट जमिनीवरच थांबावं. तुझं कुठे दुखतं ते फिजिओनं बोटानं दाबून ठरवू दे.

‘मग व्यायाम करीन, पण पळणं बंदच ना?’ असं तू विचारशील. बंदच, असं नाही. कारीन सिल्बरनागेल यांच्या 2007 च्या अभ्यासात 38 रुग्ण होते. सगळ्यांना एकसारखाच व्यायामक्रम दिला, पण एका गटाला पहिले सहा आठवडे पळणं-उड्या मना होत्या आणि दुसऱ्याला मुभा होती. अट एवढीच: दुखणं दहापैकी पाचाच्या वर जायला नको आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरायला हवं. वर्षानं पाहिलं तर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. म्हणून तुझं वेळापत्रक तक्त्यावर नको, सकाळच्या पहिल्या चार पावलांवर ठरू दे. कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक सपाट आहे, तो चालेल. पांडवलेणीच्या पायऱ्या सध्या नकोत, चढावर टाच खूप ताणली जाते. पण रात्री झोपेत ठणका लागला, किंवा हाडावर एकाच बिंदूला दाबलं की कळ आली, तर माझं सगळं विसरून थेट डॉक्टरांकडे जा.

दम जाईल ही तुझी भीती खरी आहे, पण अवाजवी. एडवर्ड कॉयल यांनी 1984 मध्ये मुरलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून मोजलं: तीन आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे 7 टक्के घटली. आणि तू काही पूर्ण थांबणार नाहीस. सावरकर जलतरण तलावात छातीएवढ्या पाण्यात पळण्याची हालचाल केली तरी छाती भरते आणि टाचेवर भार थोडाच येतो. शिवाय दम आठवड्यांत वाढतो, कंडरेला महिने लागतात. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतचं उदाहरण देशील, तर तिच्या 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेतल्या रौप्यपदकामागे आणि 2016 च्या रिओ मॅरेथॉनमागे कित्येक वर्षांचं धावणं होतं. ते तुझ्या पायात अजून साठलेलं नाही.

आता देणग्या. कर्करोगाच्या संशोधनाला निधी जमवायला कॅनडात एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत पळायला निघालेला टेरी फॉक्स दुखणं सोसत पळाला हे खरं. पण 1 सप्टेंबर 1980 ला, 143 दिवस आणि 5,373 किलोमीटरनंतर, कर्करोग फुप्फुसांत पसरल्यावर तो वाटेतच थांबला, आणि निधीचा मोठा भाग त्यानंतरच जमला. लोकांनी पैसे कर्करोगाच्या संशोधनासाठी दिले होते, त्यानं दुसरा समुद्र गाठावा म्हणून नव्हे. आपल्या नाशिक रनचंच बघ. 2003 पासून जानेवारीत हजारो लोक जेमतेम काही किलोमीटर जातात, कोणी पळत, कोणी चालत, आणि गरजू मुलांसाठी निधी उभा राहतो. मग 42 किलोमीटरच का? ‘शब्द दिलाय’ म्हणशील. दिलेला शब्द संस्थेसाठीचा आहे आणि तो तू पैसे पोचवून पाळतेसच. शर्यतीबद्दल प्रामाणिक राहायचं असेल, तर देणगीदारांना आत्ताच कळव की टाच दुखावली आहे, अंतर कमी होऊ शकतं, आणि ज्याला पैसे परत हवेत त्यानं निःसंकोच सांगावं. आदल्या रात्री कळवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

फिजिओ काय म्हणाला ते सविस्तर लिही, विशेषतः दुखण्याची जागा.

तुझी,
मावशी