मत लिहा

विद्यार्थी मित्रांनो, मी तुमच्यासारख्याच मुलांना मराठी शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षणही उर्दू माध्यमातूनच झाले. त्यामुळे मराठीच्या तासाला तुमची जी फजिती होते, ती माझीही झालेली आहे. आज अशाच एका फजितीची गोष्ट तुम्हांला सांगणार आहे. गोष्ट एका कोऱ्या पानाची आहे.

सहामाही परीक्षा होती. नववीच्या प्रश्नपत्रिकेत मी शेवटचा प्रश्न असा विचारला होता : ‘तुम्ही पाहत असलेल्या एखाद्या मालिकेविषयी तुमचे मत लिहा.’ प्रश्न पाच गुणांचा आणि अगदी सोपा. उत्तरपत्रिका तपासताना एका मुलाची उत्तरपत्रिका हाती आली. अक्षर वळणदार, बाकीचे प्रश्न नीट सोडवलेले. पण शेवटचे पान मात्र कोरे!

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावले. विचारले, “बेटा, हा प्रश्न का सोडलास? वेळ पुरला नाही का?”

तो गोंधळला. खाली मान घालून म्हणाला, “सर, तिथे ‘मत लिहा’ असेच छापले होते. म्हणून मी लिहिले नाही.”

क्षणभर मला काही कळेना. मग लक्षात आले आणि हसू आवरेना. उर्दूत ‘मत लिखो’ म्हणजे ‘लिहू नका’. मराठीत मात्र ‘मत’ म्हणजे राय. बिचाऱ्याने माझी आज्ञा तंतोतंत पाळली होती!

शिक्षकांच्या खोलीत मी हा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात वेगळाच विचार आला. त्या मुलाने शब्द चुकीचा वाचला हे खरे; पण ज्यांना अर्थ कळला होता, त्यांनी तरी काय लिहिले होते? ‘मालिका चांगली आहे. मला ती फार आवडते. सर्वांनी ती पाहावी.’ चाळीस मुलांची हीच तीन वाक्ये! म्हणजे पाने भरलेली होती, तरी मत कोणाचेच नव्हते. त्या कोऱ्या पानात आणि या भरलेल्या पानांत फरक तो काय?

मी ठरवले की, दर शनिवारी मराठीचा एक तास फक्त मते मांडण्यासाठी ठेवायचा. पहिल्या शनिवारी विषय दिला, ‘वृक्षारोपण’. वर्गात शांतता पसरली. एकजण उठला आणि निबंधाच्या पुस्तकातली चार वाक्ये म्हणून खाली बसला. तास कसाबसा संपला.

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून जात होतो. तीच मुले डबे उघडून बसली होती आणि काय तो गलका! काल रात्रीच्या मालिकेत अमुक झाले ते बरोबर की चूक, यावर जोरदार वाद चालला होता. कोणी हातवारे करत होता, कोणी नक्कल करून दाखवत होता. मी मनात म्हटले, “अरे, मते तर इथे आहेत! वर्गात ती मीच येऊ देत नाही.”

पुढच्या शनिवारी फळ्यावर विषय लिहिला, ‘काल काय पाहिले?’ नियम दोनच. पहिला नियम, बोलायचे मराठीत. शब्द अडला तर उर्दू चालेल. दुसरा नियम, ‘मस्त’ किंवा ‘बेकार’ म्हणायला हरकत नाही, पण त्यापुढे ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे.

पहिली चर्चा ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या मालिकेवर झाली. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असेल. तारक मेहता हे गुजराती लेखक १९७१ पासून ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात एक विनोदी सदर लिहीत असत. त्यावरून ही मालिका २००८ साली सुरू झाली आणि तिचे ४०००हून अधिक भाग झाले. आमच्या वर्गातली कित्येक मुले त्या मालिकेपेक्षा वयाने लहान! एक मुलगा म्हणाला, “सर, मला भिडे मास्तर आवडतात, कारण ते तुमच्यासारखे आहेत. सारखे ‘आमच्या काळी’ म्हणतात.” वर्ग हसला, मीही हसलो.

मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. ती म्हणाली, “मला अब्दुलचे दुकान आवडते, कारण सोसायटीतले सगळे पुरुष रात्री तिथे सोडा प्यायला येतात आणि मनातले बोलतात. पण दुकान बंद करून अब्दुल घरी जातो, तेव्हा तिथे काय होते ते मला पाहायचे आहे.”

वर्ग शांत झाला. मित्रांनो, तिने मालिकेला नावे ठेवली नाहीत आणि नुसती वाहवाही केली नाही. आपल्याला काय आवडले आणि काय हवे आहे, एवढेच तिने सांगितले. चांगले मत असे असते.

एकाने विचारले, “सर, चांगली चाललेली मालिका उगाच का लांबवतात?” त्याला मी थोडी माहिती दिली. वाहिन्यांना पैसा मिळतो तो मुख्यतः जाहिरातींतून. जी मालिका जास्त घरांत चालते, तिच्या वेळात जाहिरातींना जास्त भाव. मग ती बंद कशाला करायची? किती घरांत चालते हे कळण्यासाठी देशातील निवडक घरांच्या संचांना एक लहान यंत्र जोडलेले असते. २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था हे मोजमाप प्रसिद्ध करते. पण ते यंत्र फक्त पाहण्याची नोंद करते. पाहणाऱ्याच्या मनात काय आले, ते त्याला कळत नाही. ते तोंड उघडून माणसालाच सांगावे लागते.

पूर्वी लोक ते पत्रांतून सांगत. दूरदर्शनवर १९८४ साली ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही गोष्ट एका साध्या मध्यमवर्गीय कुटुंबाची होती. भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार पडद्यावर येत आणि घडलेल्या प्रसंगावर प्रेक्षकांशी बोलत. लोक त्यांना पत्रे पाठवत. बडकीचे लग्न व्हावे की नाही, याची काळजी घरोघरी होती. ही माहिती मी सांगितली आणि एका मुलाला ती आपल्या शब्दांत सांगायला लावली. तो ऐटीत म्हणाला, “अशोक कुमार यांना लोकांनी पोती भरभरून खत पाठवले!” मराठीत ‘खत’ म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक होते, ते बाकावर डोके ठेवून हसू लागले. बाकीच्यांना मी सांगितले, “बाळांनो, मराठीत खत शेतात टाकतात. टपालपेटीत टाकतात ते पत्र!”

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एका शनिवारी मुलांनी ‘एर्तुग्रुल’ या तुर्की मालिकेचा विषय काढला. मूळ मालिका तुर्कस्तानात २०१४ साली सुरू झाली. २०२० साली रमजानच्या महिन्यात पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीवर ती उर्दूत दाखवली जाऊ लागली आणि मोबाइलवरून आपल्याकडच्या घरांतही आली. मी मोठ्या आवाजात म्हणालो, “त्यात काय आहे? नुसती तलवारबाजी! वेळेचा नाश!”

एक मुलगी हळूच उभी राहिली. “सर, तुम्ही किती भाग पाहिलेत?”

मी एकही पाहिलेला नव्हता. इकडून तिकडून ऐकले होते, एवढेच. चाळीस जोड्या डोळे माझ्याकडे लागले होते. खोटे बोलणे सोपे होते. पण खरे सांगितले, “एकही नाही.”

“मग सर, तुमच्या मतात ‘कारण’ कुठे आहे?”

माझाच नियम माझ्यावर उलटला होता. मी तिची माफी मागितली आणि महिनाभर रोज रात्री ती मालिका पाहिली. मग वर्गात माझे मत कारणांसह मांडले. लढाया मला अजूनही जास्तच वाटतात. शिवाय तेराव्या शतकातल्या त्या सरदाराविषयी इतिहासात फार थोडी माहिती मिळते. म्हणून मालिकेतला बराचसा भाग कल्पनेचा आहे, तो इतिहास समजून पाठ करू नये. पण नवऱ्याच्या मृत्यूनंतर सारा कबिला सांभाळणारी हायमे मला फार आवडली. ती मुलगी म्हणाली, “सर, मी हेच सांगणार होते. तुम्ही बोलू दिले नाही.”

न पाहता मत बनवणारा मी एकटाच नाही, मित्रांनो. बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर गाजली. तिचे संवाद लिहिले राही मासूम रजा यांनी. गाझीपूर जिल्ह्यातील गंगौली हे त्यांचे गाव. अलीगढच्या विद्यापीठात त्यांनी उर्दू शिकवली होती. त्यांनी प्रथम या कामाला नकार दिला होता, असे सांगतात. त्यांचे नाव पुढे येताच काही लोकांनी रागाची पत्रे लिहिली, की हे काम एका मुसलमानाकडे कशासाठी? एकही भाग पडद्यावर आला नव्हता, तरी मत तयार होते! ती पत्रे रजासाहेबांच्या वाचनात आली आणि त्यांनी ठरवले की, आता हे काम मीच करणार. आपण गंगेकाठचे आहोत, हा त्यांना अभिमान होता. पुढे त्यांचेच संवाद देशभर लोकांच्या तोंडी बसले. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी दर रविवारी सकाळी ती मालिका पाहिली असेल!

या सगळ्या शनिवारांत कोऱ्या पानाचा तो मुलगा मात्र शेवटच्या बाकावर गप्प बसे. मार्च महिन्यात एकदा मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हटले, “तू काही पाहत नाहीस का?”

“पाहतो सर, पण आवाज बंद करून. म्हणून मी बोलत नाही. मी काही नीट पाहिलेले नसते.”

आमचे गाव मालेगाव. इथे घरोघरी यंत्रमागाचे काम. त्याचे वडील मागावर रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. घर एकाच खोलीचे. दुपारी शाळेतून गेल्यावर तो आदल्या रात्रीच्या मालिका पाहतो, पण अब्बांची झोप मोडू नये म्हणून आवाज पूर्ण बंद. कोण काय बोलले असेल, ते तो चेहऱ्यावरून ओळखतो. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी बापलेक मिळून आवाजासह पाहतात.

मी विचारले, “मग आवाज बंद केल्यावर मालिका कशी वाटते?”

तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग अडखळत म्हणाला, “सर, आवाज नसला की कळते, खरे काम कोण करतो. काहीजणांचे डोळे बोलतात. त्यांचे मला सगळे समजते. काहीजण फक्त ढोल वाजला की मोठे वाटतात. ढोल नसला, तर ते नुसते मान वळवतात. एक बाई चिडते, तर तिचा चेहरा तीन वेळा दाखवतात. मला हसू येते. अब्बा झोपलेले असतात, म्हणून मी तोंड दाबून हसतो.”

साऱ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी बीएडपर्यंत शिकलो, पण अभिनयाची ही परीक्षा मला कोणी सांगितली नव्हती. त्या मुलाला वाटत होते की, आपल्याकडे काहीतरी कमी आहे, म्हणून आपल्याला मत नाही. प्रत्यक्षात त्याच्यापाशी असे काही होते, जे वर्गात दुसऱ्या कोणापाशीही नव्हते. त्या रात्री घरी मी आवाज बंद करून एक मालिका पाहिली. त्याचे म्हणणे अगदी खरे होते.

वार्षिक परीक्षेत मी तोच प्रश्न पुन्हा दिला. या वेळी त्याने दीड पान लिहिले. शेवटचे वाक्य होते, ‘माझी काही तक्रार नाही, मी शुक्रवारची वाट पाहतो.’ मी त्याला पाचपैकी चार गुण दिले. एक गुण शुद्धलेखनासाठी कापला. कारण त्याने ‘मालिका’ हा शब्द दोन ठिकाणी ‘मालीका’ असा लिहिला होता. निकालानंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, एका गुणाबद्दल माझे मत सांगू का?”

मी म्हटले, “सांग की! पण कारणासह.”

“एका चुकीचा अर्धा गुण जातो. ‘मालीका’ दोनदा लिहिले, तरी चूक एकच आहे.”

मी उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली आणि अर्धा गुण वाढवला.

मित्रांनो, उद्या तुमच्याही प्रश्नपत्रिकेत ‘मत लिहा’ असे शब्द येतील. ते मराठीत वाचा. आधी नीट पाहा, मग विचार करा, कारण शोधा आणि बिनधास्त लिहा. पान कोरे ठेवू नका.